स्वभावाला औषध नाही, हवा आहे

ग्वाल्हेरच्या मुरारमध्ये मोटरसायकलींना स्वभाव असतो. इंजिन, गिअर, ब्रेक कंपनी देते; स्वभाव घरी आल्यावर लागतो आणि गाडी विकेपर्यंत सुटत नाही. आमच्या गल्लीतल्याच गाड्या बघा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याची गाडी लहरी. सकाळी नीट चालते; दिवेलागणीला तिचं हँडल इतकं जड होतं की वळण आलं तरी ती आधी दोन क्षण विचार करते. समोरच्या वकिलांची तापट. खड्डा आला की उसळते आणि मागे बसलेल्या वहिनींना वर उचलते, जरा थांबते आणि मग खाली ठेवते. बँकेत जाणाऱ्या गृहस्थांची गाडी डावीकडे ओढते. का, तर तिचा पहिला मालक मोरेनाचा होता. यातला कार्यकारणभाव मी विचारला नाही, कारण ऐकणाऱ्या बाकी सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या होत्या. आणि आमच्या काकांची गाडी शांत. चाळीसच्या वर गेली की तिचा मागचा भाग डुलायला लागतो. म्हणून काका चाळीसच्या वर जातच नाहीत आणि संयमाचं श्रेय स्वतः घेतात.

हे स्वभाव घालवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. बेअरिंगं बदलून झाली, शॉकअब्सॉर्बर बदलून झाले, हँडल उघडून पुन्हा बसवून झालं. बँकवाल्यांनी एका शनिवारी लिंबू-मिरची बांधली, तीही डावीकडेच झुकली. टायरमधली हवा मोजून पाहावी, एवढं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. कारण हवा ही मोजायची गोष्ट आहे, हेच आम्हाला मान्य नाही. हवा असते किंवा नसते. आणि ती आहे की नाही हे बघायला देवाने पाय दिला आहे.

लाथ मारून टायर तपासणारे जाणकार तुम्ही पाहिले असतील. गाडीपाशी यायचं, चपलेच्या टोकाने मागच्या चाकाला एक ठोकर द्यायची, कान जरासा तिरका करायचा आणि निकाल सांगायचा: 'है, है, बहुत है.' पुढच्या चाकाला सहसा ठोकरही मिळत नाही. मागचं चाक घरातला कर्ता पुरुष असल्यामुळे त्याला विचारलं की पुरे. आता वीस पौंडांचा टायर आणि चाळीस पौंडांचा टायर चपलेला अगदी सारखाच लागतो. फरक कळतो तो वळणावर, आणि तिथे चप्पल ब्रेकवर असते.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, आमच्या मराठी घरांत गाडीची साग्रसंगीत पूजा होते. दिव्याला कुंकू, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर स्वस्तिक, आरशालाही हळदीचं बोट. टायरच्या वाट्याला लिंबू चिरडण्याचं काम येतं. त्यानंतर गाडी धुलाईला जाते आणि तिथला पोरगा 'चमक आएगी' म्हणत तिच्यावर डिझेलचा फवारा मारतो. चमक येते हे खरं. रबराला डिझेल मानवत नाही आणि चकचकीत टायर रस्त्याला धरत नाही, हेही तितकंच खरं. पण गाडी दारात उभी असताना रस्ता धरायची गरज काय? लोक बघतात ती दारातच.

दोन चाकं मिळून रस्त्याला जेवढी टेकतात ती जागा जेमतेम दोन तळहातांएवढी. एवढ्या जागेवर मुरारचं एक कुटुंब सहज मावतं: चालवणारे, मागे वहिनी, वहिनींच्या मांडीवर धाकटा, टाकीवर थोरला, हँडलला भाजीची पिशवी आणि लग्नसराई असली तर आहेराचं पाकीट सांभाळणारी एक आत्या. ब्रेक मारतो तो चाकाला, पण गाडी थांबवतात ते हे दोन तळहात. वळतानाही त्यांच्यावरच भरवसा. हवा कमी झाली की टायरच्या भिंती वाकतात, चाक रस्त्यावर लोळतं, पुढचं हँडल जड होतं, मागची बाजू डुलते. जास्त झाली की टेकणारी जागा लहान होते आणि टायर खड्डा पोटात घ्यायचा तो थेट मणक्यात पाठवतो. म्हणजे लहरी, तापट, शांत हे सगळे स्वभाव वॉल्व्हच्या एका पिनेतून आत-बाहेर करतात.

नेमकी हवा किती, हे शोधायला ग्रंथालयात जावं लागत नाही. ते माहितीपुस्तिकेत असतं, बहुतेक गाड्यांवर मागच्या बाजूला किंवा साखळीच्या कव्हरवर स्टिकरही असतो. रोजच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला साधारण पुढे २५ पौंड, मागे २८-३०, आणि मागे माणूस बसणार असेल तर मागे आणखी काही. आमच्याकडे तो स्टिकर पहिल्या आठवड्यात निघतो, कारण त्या जागी कुलदैवताचं नाव किंवा 'पापा की परी' यायचं असतं.

हवा भरतात ते उस्ताद. ग्वाल्हेरात हा किताब पूर्वी गवयांना असे. त्यांच्या पेट्या-तंबोरे लष्कर भागातल्या वाड्यांत राहिले आणि किताब चौकातल्या पंक्चरच्या दुकानात आला. आमचे उस्ताद कॉम्प्रेसरचं नळकांडं वॉल्व्हला लावतात, शेजारच्या चहावाल्याशी राजकारण बोलतात आणि मुद्दा संपला की नळकांडं काढतात. मुद्दा लांबला तर हवा जास्त. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या भागातल्या सगळ्या गाड्या टणाटण उड्या मारत जातात. 'उस्ताद, कितनी डाली?' असं विचारलं की उत्तर येतं, 'छह महीने की छुट्टी, बाबूजी.'

उस्ताद चुकतात असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांचं सगळं आयुष्य दूधवाल्यांच्या चाकांत हवा भरण्यात गेलं आहे. पहाटे आसपासच्या गावांतून मुरारमध्ये येणाऱ्या दूधवाल्याच्या मोटरसायकलला दोन्ही अंगांना कॅन लटकलेले असतात, वर त्याचा मेहुणा असतो. त्याला कडक हवा हवीच. तीच हवा उस्ताद मग सगळ्यांना भरतात. वकिलांच्या गाडीवर वहिनी बसतात, दूध नाही, हा भेद उस्तादांनी कधी मानला नाही.

उन्हाळ्यात मात्र हे तत्त्वज्ञान एकदम उलटं होतं. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५च्या पुढे सरकतो, लू सुटते, डांबर चपलेला चिकटतं आणि शहाणीसुरती माणसं उस्तादांना सांगतात, 'थोडी निकाल दो, गरमी में फट जाएगा.' हे ऐकून टायर काय विचार करत असेल! टायर तापतो तो मुख्यतः वाकण्याने. हवा कमी असली की प्रत्येक फेरीला त्याच्या भिंती जास्त वाकतात, जास्त तापतात, त्यात तीन माणसांचं ओझं आणि खाली तवा झालेला रस्ता. म्हणजे फुटू नये म्हणून जी हवा काढली, तिच्याच अभावी तो फुटतो. आणि फुटल्यावर लोक म्हणतात, 'बघा, आणखी काढायला हवी होती.'

थंडीचा खेळ आणखी मजेचा. तापमान दहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण दीड पौंडाने उतरतो. ग्वाल्हेरात जूनची दुपार ४५ अंशांची आणि जानेवारीची धुक्यातली पहाट ५ अंशांची. तुम्ही काहीही न करता पाच-सहा पौंड फरक पडतो. त्यात ट्यूब आपली महिन्याला एखाद-दोन पौंड हवा गुपचूप सोडतच असते. छह महीने की छुट्टी घेऊन गेलेला माणूस दिवाळीनंतर परततो, तेव्हा त्याच्या गाडीचा स्वभाव पुरता बदललेला असतो आणि दोष वयाला जातो.

ग्वाल्हेरच्या गाड्यांना तर जन्मापासूनच थंडीची हवा. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला मेळा आजही हिवाळ्यात भरतो. अलीकडे सरकार तिथे गाडी घेणाऱ्याला रोड टॅक्समध्ये निम्मी सूट देतं, म्हणून सारं शहर डिसेंबरपर्यंत जुन्या गाडीवर दिवस काढतं. मेळ्यात माणूस रंग बघतो, ऍव्हरेज विचारतो, हॉर्न वाजवतो, टॅक्स किती वाचला याचा हिशेब तीनदा करतो. मग नव्या कोऱ्या टायरवर, जो अजून गुळगुळीत आहे आणि ज्याला पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जरा जपून झुकवावं लागतं, तो मित्राला दाखवायला गोला का मंदिरच्या चौकात झकास तिरका वळतो. मेळ्याच्या दिवसांत त्या चौकात पायऱ्या असत्या तर बसून बघण्यासारखा कार्यक्रम झाला असता.

वळण्यावरून आठवलं. मुरार आणि लष्कर यांचं फारसं पटत नाही, आणि माझ्या मते त्याचं मूळ टायरमध्ये आहे. लष्कर दौलतराव शिंद्यांच्या तळातून वाढलं. जिथे ज्याचा तंबू पडला तिथे त्याचा वाडा झाला आणि मधल्या फटीला गल्ली म्हणायला लागले. मुरार ही इंग्रजांची छावणी. १८८६ साली झाशीच्या बदल्यात किल्ल्याबरोबर मुरारही शिंद्यांना मिळालं, पण सैन्याला चालायला आखलेले सरळसोट रस्ते तसेच राहिले. सरळ रस्त्यावर मोटरसायकलचा टायर मधोमधच झिजतो. मूळचा गोल माथा सपाट होतो, दोन्ही बाजूंना काठ तयार होतात. असा टायर घेऊन मुरारचा माणूस लष्करात महाराज बाड्याच्या मागच्या गल्ल्यांत शिरला की गाडी आधी वळायला नकार देते आणि काठ ओलांडला की एकदम जास्तच वळते. लष्करवाले हसून म्हणतात, मुरारवाल्याला चालवता येत नाही. मुरारवाला म्हणतो, लष्करचे रस्ते वेडे. दोघंही टायरकडे बघत नाहीत, तेव्हा हा वाद आणखी शंभर वर्षं सुखाने चालेल.

टायर गुळगुळीत झाला की आमच्याकडे त्याचा एक गुण सांगतात: 'घासला गेलाय, त्यामुळे हलका पळतो.' पळतो खराच. नक्षी असते पाणी बाजूला सारायला, आणि आठ महिने पाऊस नसलेल्या गावात तिची आठवण राहणार कशी? जुलैत पहिली सर येते, रस्त्यावरचं सालभराचं तेल, धूळ आणि गाईंची कृपा एकत्र कालवली जाते आणि हलके पळणारे सगळे टायर एकाच वेळी सरळ पळू लागतात, चालवणाऱ्याने हँडल कुठेही वळवलेलं असो. टायरच्या कडेला एक छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत नक्षीच्या तळाशी रबराची बारीक गाठ असते. नक्षी त्या गाठीला भिडली की टायरचं आयुष्य संपलं, असा कारखान्याचा निरोप. काकांना मी तो त्रिकोण दाखवला होता. ते म्हणाले, 'कंपनीला विकायचेच असतात.'

आणि गंमत अशी, की टायरच्या बाबतीत आमच्याइतकं भाग्यवान गाव शोधून सापडणार नाही. आग्र्याच्या रस्त्याने गेलं की बानमोरला जेके टायरचा मोठा कारखाना. भिंडच्या रस्त्याने गेलं की मालनपूरला टायरच्या पोटात घालायचं नायलॉनचं कापड विणणारी एसआरएफची गिरणी. एकीकडे टायर, एकीकडे टायरचं अस्तर, मध्ये आम्ही चपलेने ठोकर मारत उभे. त्यातून महाराजपुऱ्याचा हवाई तळ शेजारी. तिथून मिराज उडालं की आमच्या खिडक्या थरथरतात. त्या विमानांच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात, आणि त्याला कारण आहे: त्यात ओल नसते, त्यामुळे उंचावरच्या थंडीत आत बर्फ होत नाही, आणि तापलेल्या चाकाला पेट घ्यायला प्राणवायू मिळत नाही. ही बातमी कशी कोण जाणे मुरारच्या पेट्रोलपंपावर पोचली. आता तिथे वॉल्व्हला हिरव्या टोप्या मिळतात. वकिलांनी पैसे देऊन नायट्रोजन भरला आणि 'फरक पडतो हो,' असं आठवडाभर सांगत फिरले. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच, हे मी त्यांना सांगितलं. उरलेल्या बावीस टक्क्यांसाठी ते खटला भरायच्या विचारात होते.

आता काकांविषयी. ग्वाल्हेरला अकाउंटंट जनरलचं कार्यालय असल्यामुळे इथल्या मराठी घरांत निदान एक माणूस ऑडिटचा असतो, आमच्याकडे काका. निवृत्त झाले तरी ऑडिट सुटलं नाही. गाडीच्या ऍव्हरेजची त्यांची एक वही आहे, तारीख, रुपये, लिटर, किलोमीटर अशा रकान्यांची. त्या वहीप्रमाणे गाडीचं ऍव्हरेज सतत घसरत होतं आणि काकांनी त्याबद्दल पंपावरच्या भेसळीपासून केंद्र सरकारपर्यंत सगळ्यांवर ताशेरे ओढले होते. पुण्याचा भाचा आला आणि त्याने त्यांना हवा मोजायचं एक छोटं यंत्र दिलं. पुण्याचा माणूस नुसती वस्तू देत नाही, सोबत सूचना देतो. 'मामा, टायर थंड असताना मोजायचं. गाडी चालवून आल्यावर नाही. पंधरवड्यातून एकदा. टोपी परत लावायची. टायरच्या कडेला चार आकडे असतात ते बघायचे, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. त्यावरून टायरचं वय कळतं.' काकांना यंत्र आवडलंच, पण सूचना जास्त आवडल्या.

त्यांच्या गाडीच्या मागच्या चाकात १६ पौंड निघाले. टायरचं वय इतकं निघालं, की त्याच साली जन्मलेला शेजारचा मुलगा आता मिसरूड फुटून आरशात बघत होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वही उघडली, नवा रकाना आखला आणि बाहेर पडले.

आठवड्यात गल्लीचं ऑडिट पूर्ण झालं. किराणावाल्याच्या पुढच्या चाकात सकाळी २४, संध्याकाळी ११: वॉल्व्हची पिन गळकी, टोपी हरवलेली. गाडीचा लहरीपणा दहा रुपयांच्या पिनेत गेला. बँकवाल्यांची हवा चक्क बरोबर होती. तेव्हा काका जमिनीवर बसले आणि साखळी ताणायच्या खुणा मोजल्या. एका बाजूला तिसरी खूण, दुसऱ्या बाजूला पाचवी. मागचं चाकच तिरकं बसवलेलं. मोरेनाच्या पहिल्या मालकाची निर्दोष सुटका झाली. त्याला कळवायचं राहून गेलं, एवढंच.

लोक खूश होते असं समजू नका. ज्याची गाडी डावीकडे ओढायची त्याला इतकी वर्षं तिरकं चालवायला एक कारण होतं. आता गाडी सरळ जाते आणि बँकवाले तरीही डावीकडेच जातात. त्यांच्या घरात यावर चर्चा सुरू आहे, मी त्यात पडत नाही.

वकिलांचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. मागे ४६, पुढे ४२, तोही नायट्रोजन. काका त्यांना आणि गाडीला घेऊन उस्तादांकडे गेले. उस्तादांनी पिन दाबली, फुस्स झालं, थोडं मोजलं, पुन्हा फुस्स. पुढे पंचवीस, मागे तेहतीस. वकील बसून एक चक्कर मारून आले आणि जरा खट्टू झाले: 'जोश गेला हिचा.' वहिनींना मात्र पहिल्यांदाच आपली टाच फुटरेस्टवर टेकलेली जाणवली.

'बीस रुपये,' उस्ताद म्हणाले.

'किस बात के?' काका ताठ झाले. 'भरने के पैसे होते हैं. निकालने के काहे के?'

'मेहनत तो बराबर है, बाबूजी.'

'और जो हवा निकली?'

'वो पंप वालों की थी,' उस्तादांनी हात झटकले, 'हमारे यहाँ की होती तो वापस रख लेते.'

काकांनी वीस रुपये दिले आणि रसीद मागितली. उस्तादांच्या दुकानाच्या इतिहासात रसीद कुणी मागितली नव्हती. त्यांनी ट्यूबच्या रिकाम्या खोक्याचा एक तुकडा फाडला, काळ्या बोटांनी पेन धरलं आणि लिहिलं: 'हवा वापसी, २० रु.' काकांनी तो वहीत चिकटवला, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि समासात लाल शाईने शेरा मारला: 'तपासले. हवेचा दर्जा स्पष्ट नाही. खुलासा मागवावा.'